खनून जेवत नाही

बुआफान : नाही म्हणजे नाही! दिला कुणी? ह्यांनी. मग परत कोण घेणार? हेच. थोंगखाम, ठेव ती टोपली त्यांच्यापुढे आणि काढ झाकण.

थोंगखाम : ताई, जरा हळू. विहार आहे हा, मासळीबाजार नव्हे. समोर बुद्धमूर्ती आहे.

बुआफान : असू दे. त्यांनाही कळू दे, त्यांच्या छपराखाली कसली कसली माणसं राहतात ते.

भंते इन्था : उपासिके, आधी बसा तरी. एवढ्या पायऱ्या चढून आलात. थोंगखाम, पाणी दे यांना.

बुआफान : उपासिका! ऐकलंस? सगळा जन्म ‘अगं ए’ म्हणून हाका मारल्या. डोकं भादरलं, चीवर गुंडाळलं, आणि आता मी उपासिका!

थोंगखाम : मग काय म्हणतील? भिक्षू झाले ते. ‘बायको’ म्हणायची सोय राहिली नाही आता.

बुआफान : तू मधे बोलू नकोस.

थोंगखाम : मधे बोलू नको तर काय करू? मला मधे बसवलंय कशाला? भिक्षूनं बाईशी एकट्यानं बोलायचं नाही हा नियम. म्हणून तर तुझा सख्खा भाऊ आणि विहाराचा कारभारी, दोन्ही मीच, असा मधोमध बसलोय. अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

भंते इन्था : काय झालं खनूनला?

बुआफान : बघा की! डोळे आहेत ना जागेवर, की तेही दान केलेत? बरगड्या दिसतायत. आणला तेव्हा खनून, म्हणजे फणस, हे नाव शोभत होतं पिल्लाला, तसाच गोल होता. आता फणसाची नुसती साल उरलीय.

भंते इन्था : जेवत नाही?

बुआफान : जेवत नाही! काय मोठा शोध लावलात! अख्ख्या गल्लीला पाठ झालंय ते. समोरची नूडलवाली रोज सकाळी मला काय विचारते माहितीय? ‘मावशी, बऱ्या आहात ना’ नाही विचारत. ‘जेवला का?’ विचारते. मी आजारातून उठले तेव्हा माझी एवढी चौकशी नव्हती केली मेलीनं.

भंते इन्था : डॉक्टरांना दाखवलंत?

बुआफान : दाखवलं म्हणूनच तर ही पाळी आली! सुखात होतो आम्ही दोघं. थोडी खाज होती त्याला, थोडे केस गळत होते, ते माझेही गळतात. पण मी शहाणी, आणला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरीण बाई म्हणाली, मावशी, हे विहारात काय खायचं? मी म्हटलं, दान खायचं. कुणी नारळाच्या दुधातली केळी घालायचं, कुणी तळलेली डुकराची कातडी, कुणी खारं लोणचं. पुण्य मिळवायची घाई झालेली असते लोकांना, पोट कुणाचं ते कोण बघतंय! तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, लिव्हर खराब व्हायला लागलंय याचं. हे खाणं बंद नाही केलंत तर हे पिल्लू पुढची थंडी बघणार नाही.

भंते इन्था : अरेरे.

बुआफान : नुसतं अरेरे? मग तिनं ते डॉग फूडचे दाणे दिले. म्हणाली, एकदम नका देऊ, पोट बिघडेल. जुन्या जेवणात चिमूटभर मिसळा. मग जरा जास्त. रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

भंते इन्था : बरोबर सांगितलं.

बुआफान : बरोबर काय आणि चूक काय, तुम्ही नका मला सांगू! त्याला पत्ता लागू द्यायचा नाही म्हणे. अहो, पहिल्याच दिवशी त्यानं वाडग्यातला एकेक दाणा तोंडानं वेचून बाहेर काढला आणि नेऊन माझ्या चपलांत ठेवला. दोन्ही चपलांत. समसमान!

थोंगखाम : हुशार आहे. माझ्या टेंपोत एक म्हातारा बसायचा, त्याचा रेडा असाच होता बघ. सावलीत कापलेलं गवत खायचा नाही. उन्हात कापलेलंच पाहिजे. एकदा मालकानं फसवून सावलीतलं घातलं, तर आठवडाभर रेडा मालकाशी बोलला नाही.

बुआफान : आणि त्याआधी बोलायचा?

थोंगखाम : त्याआधी बोलायचा ना. तेच तर म्हाताऱ्याला लागलं मनाला.

बुआफान : भंते, असला कारभारी ठेवलात तर विहाराचं कसं व्हायचं! हां, तर मी म्हटलं, दाणे नकोत ना, मरू देत. नुसता चिकट भात दिला, हातानं गोळा करून. तोंड लावलं नाही. नदीतला मासा भाजला, काटे काढले, मला स्वतःसाठी कधी काढायला वेळ होत नाही ते! नाही. कोंबडी उकडली. नाही. वाडगा ठेवला की समोर बसणार. पुढचे दोन पाय जोडणार, कान उभे करणार आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहणार. मी काहीतरी चुकलेय आणि हा पंतोजी आहे! बघता बघता तिथेच पेंगायला लागणार. अगदी पोट पाठीला लागलं की मग कधीतरी मान खाली घालून दोन घास गिळतो, चोरी केल्यासारखे.

भंते इन्था : वास आवडला नसेल.

बुआफान : वास? शेवटी माझा धीर सुटला. हांगले केलं, डुकराच्या मांसाचं कालवण. आलं-लसूण, चिंच, सगळं घालून, फक्त मीठ कमी. डॉक्टरीण बाईचं ऐकलं नाही, म्हटलं एक दिवस तर एक दिवस, पोटात काही जाऊ दे. त्या हांगलेकडेसुद्धा ढुंकून बघितलं नाही!

भंते इन्था : हांगले खाल्लं नाही? इथे तर वाडगा चाटून पुसून...

थोंगखाम : भंते, पाणी घ्या. पाणी.

बुआफान : थांब, थोंगखाम. काय म्हणालात? इथे हांगले?

भंते इन्था : म्हणजे, कधीमधी.

बुआफान : या गावात भिक्षापात्रात हांगले घालणारी मी एकटी. दर उपोसथाला, उपासाच्या दिवशी, अंधारात उठून, चुलीवर, मंद आचेवर. तुम्हाला गॅसवरचं आवडत नाही म्हणून चुलीवर! आणि ते तुम्ही कुत्र्याला घातलंत?

भंते इन्था : मांस जड जातं आम्हाला आता. टाकून देणं बरं नव्हे.

बुआफान : ‘आम्हाला’! किती जण आहात आत? आणि जड जातं तर एकदा सांगायचं होतंत!

थोंगखाम : ताई, तसं सांगता येत नाही गं त्यांना. अमुक द्या, तमुक नको, असं भिक्षूनं म्हणायचं नाही. पात्रात पडेल ते घ्यायचं.

बुआफान : भारी नियम आहे! घरात असताना हा नियम कुठे गेला होता? तेव्हा भाजीत एक मिरची जास्त झाली तर ताट सरकवायचे! आणि मी वेडी, दाराशी गुडघे टेकून, डोक्यावर डबा धरून, ‘भंतेंना आवडतं’ म्हणून... आणि मजा कुत्र्याची!

थोंगखाम : तरी मी सांगत होतो भंतेंना, याचे गाल फार वर आलेत, कुणाच्या तरी लक्षात येईल.

बुआफान : तुलाही ठाऊक होतं? घरचा भेदी!

भंते इन्था : उपासिके, चूक आमची आहे. पण खनूनला परत इथे ठेवून भागायचं नाही. मोठ्या भंतेंशी बोललो मी. ते म्हणाले, येणाऱ्या प्रत्येक माणसाचा हात कोण धरणार? इथे राहिला तर त्याला पुन्हा तेच मिळणार, केळी, कातडी, लोणचं.

बुआफान : आणि माझ्याकडे राहिला तर उपाशी मरणार. ठरवा तुम्ही. इथे खाऊन मरू दे की तिथे न खाऊन? तुम्ही शांत चित्तानं बसता ना पहाटे डोळे मिटून? बसा, विचार करा, सांगा.

थोंगखाम : ताई, रडू नकोस.

बुआफान : कोण रडतंय? संतापानं पाणी येतं माझ्या डोळ्यांत, तुला माहीत आहे.

थोंगखाम : भंते, ही चटई घेऊन त्याच्या टोपलीशेजारी झोपते हल्ली. पलंग रिकामा.

बुआफान : गप्प बस! पलंगावर उकडतं. काय हो, खरं सांगा, मी असं काय मागितलं होतं? हॉस्पिटलात पडले होते, शुद्ध नव्हती. तुम्ही नवस बोललात, ही बरी झाली तर एक वर्षावास भिक्षू होईन. एक. मी बरी झाले. तुम्ही झालात भिक्षू. मी म्हटलं, चांगलंय, पावसाळाभर चालेल माझं. पावसाळा संपला. मी तुमचे शर्ट इस्त्री केले. निळा, तो चौकड्याचा, सगळे. दाराशी गाडी वाजली. बघते तर हा माझा भाऊ, हातात टोपली!

थोंगखाम : मी काय करणार? मला पाठवलं.

बुआफान : म्हणतो काय, ‘ताई, भंते काही येत नाहीत, त्यांनी हे पिल्लू पाठवलंय.’ नवऱ्याच्या बदल्यात कुत्रं! अहो, दुकानदारसुद्धा सदऱ्याच्या बदल्यात सदराच देतो!

थोंगखाम : असं नव्हतं म्हटलं मी. ‘सोबतीला पाठवलंय’ म्हटलं होतं.

बुआफान : एकच ते! आणि बरी होऊन मी काय मिळवलं मग? आजारी होते तर निदान उशाशी बसायचात. आधी कळलं असतं तर जरा आणखी आजारी राहिले असते.

भंते इन्था : असं बोलू नका.

बुआफान : बोलेन! मी काही नवस केला नव्हता गप्प राहायचा.

थोंगखाम : ताई, ऐक, घंटा होईल आता. बारानंतर भिक्षूंना घास चालत नाही. तो डबा आणलायस तो देऊन टाक, नाहीतर तुझ्या भांडणापायी एक म्हातारा भिक्षू उपाशी राहिल्याचं पाप लागेल.

बुआफान : डबा ह्यांच्यासाठी नाही. गेलेल्या आईच्या नावानं आणलाय.

थोंगखाम : आईच्या नावानं यांच्याच पात्रात. दे इकडे. भंते, कापड पसरा.

बुआफान : बाईला भिक्षूच्या हातात नाही देता येत, कापडावर ठेवायचं. हे एक बरं झालं. नाहीतर आज हातात डबा दिला नसता, डोक्यात घातला असता. घ्या. हांगले नाहीये, घाबरू नका. दोडक्याची भाजी आहे. आणि ही बरणी. मीठ घातलेला आवळा.

भंते इन्था : आवळा कशाला?

बुआफान : कशाला म्हणजे? पहाटे भिक्षेला येता तेव्हा दारोदार खोकताय. कोपऱ्यावरच्या घरापासून ऐकू येतो मला तो खोकला. शेजाऱ्यांची झोपमोड होते. त्यांच्यासाठी आणलाय. आणि हा ह्याचा वाडगा. घरून भरून आणलाय. नुसते दाणे, कोरडे. ठेवते त्याच्यापुढे. बघा आता स्वतःच्या डोळ्यांनी. बघा! बसला की नाही पाय जोडून? लागला की नाही माझ्या तोंडाकडे बघायला? निर्लज्ज!

भंते इन्था : हं. दान मिळालं. आता आशीर्वाद घ्या. पाण्याची वाटी कुठाय?

बुआफान : आणलीय. आईसाठी घेतेय. तुमच्यासाठी नाही.

(भंते डोळे मिटून आशीर्वादाचं पालिपठण करतात. बुआफान वाटीत पाण्याची बारीक धार सोडत राहते. शेवटच्या ओळीआधी भंते थांबतात, खोकतात, मग ओळ पुरी करतात.)

थोंगखाम : ताई.

बुआफान : थांब. पाणी संपू दे. आईच्या नावाचं आहे, पुण्य पोचू दे तिला.

थोंगखाम : ताई, आवाज ऐक. कुरुम कुरुम.

बुआफान : काय खातोयस तू? विहारात बसून?

थोंगखाम : मी नाही खात.

बुआफान : मग कोण... अगं बाई! अहो! अहो, बघा! खातोय! दाणे खातोय! कोरडे!

भंते इन्था : हळू. दचकेल.

बुआफान : दचकू दे! लबाड! विश्वासघातकी! मी मासा भाजला, कोंबडी उकडली, भाताचे गोळे केले, आणि ह्यांच्यापुढे ते लाकडाच्या भुशासारखे दाणे कसे मिटक्या मारत खातोय बघा! म्हणजे खाणं वाईट नव्हतं. मी वाईट होते! माझ्या हातचं नको होतं त्याला!

थोंगखाम : हातचं कसं? वाडगा तूच भरलायस ना घरून? तूच ठेवलास पुढे. भंतेंनी तर हातही लावला नाही.

बुआफान : मग? मग झालं काय?

भंते इन्था : उपासिके, घरी वाडगा ठेवल्यावर तुम्ही काय म्हणता?

बुआफान : काय म्हणणार? ‘गिळ’ म्हणते.

भंते इन्था : इथे तसं नसायचं. आम्ही जेवायला बसलो की पिल्लं पायरीपाशी यायची. आशीर्वाद संपायच्या आत कुणी तोंड घातलं की मोठे भंते काठी आपटायचे. आशीर्वाद संपला की मी पात्रातला पहिला घास खनूनला टाकायचो. डोळे उघडल्यापासून हेच शिकलाय तो. आधी आशीर्वाद, मग जेवण.

थोंगखाम : म्हणजे हा इतके दिवस...

बुआफान : वाट बघत होता.

थोंगखाम : तुझ्या तोंडाकडे बघत होता, कधी म्हणतेस म्हणून!

बुआफान : आणि मी त्याला शिव्या घालत होते. अरे देवा. त्याला वाटलं असेल, हिच्या घरचा आशीर्वाद असाच असतो, फार लांबलचक, आणि संपतच नाही!

थोंगखाम : मी सांगतो, पटायचं नाही तुला, पण पलीकडच्या डोंगरात एक मांजर...

बुआफान : मांजर नंतर! मला आधी सांगा, आता करायचं काय? रोज दोन वेळा त्याला टोपलीत घालून इथे आणू? माझे गुडघे बघितलेत का?

थोंगखाम : सोपं आहे. फोन काढ. भंते, पुन्हा एकदा म्हणा, मी रेकॉर्ड करतो. वाडगा ठेवला की बटण दाबायचं.

बुआफान : काही नको! खबरदार! माणूस घर सोडून गेला, आणि आवाज रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात? माणूस नको आणि आवाज हवा, एवढी गरज नाही पडलेली मला! आणि कशाला लागतंय यांचं रेकॉर्डिंग? हा पाठ यांना शिकवला कुणी?

भंते इन्था : तुम्हीच.

बुआफान : मीच! दीक्षेआधी पुस्तक घेऊन माझ्या पलंगाशी बसायचे. मी नुकती हॉस्पिटलातून आलेली, मान उचलायची ताकद नव्हती, आणि हे चुकायचे. मी आडवी पडून चुका काढायचे. यांच्या आधी माझा पाठ झाला! सरका. वाडगा इकडे दे, थोंगखाम, अजून मूठभर दाणे घाल त्यात. खनून, इकडे बघ. बस असा. म्हणतेय मी.

थोंगखाम : म्हण.

भंते इन्था : सावकाश.

थोंगखाम : झालं? संपलं?

बुआफान : संपलं. अक्षर ना अक्षर म्हटलं. कुठे चुकले सांगा.

भंते इन्था : कुठेही नाही. आमच्यापेक्षा स्वच्छ म्हणालात.

बुआफान : मग खात का नाही हा? बघा, बसलाय! कान उभे करून!

थोंगखाम : बाईचा आवाज चालत नसेल.

बुआफान : काय म्हणालास? भाताचा गोळा करून भरवताना बाईचा हात चालत होता! तू म्हण बघू. तू पुरुष आहेस ना? म्हण!

थोंगखाम : मला अर्धाच येतो. पुढच्या अर्ध्याला मी ओठ हलवतो नुसते.

बुआफान : विहाराचा कारभारी! पुन्हा एकदा तुम्ही म्हणा हो, भंते. यालाही ऐकू दे, मलाही ऐकू दे. मी तुमच्या तोंडाकडे नाही बघणार, त्याच्याकडे बघेन.

थोंगखाम : ...कुरुम कुरुम. बघ, लागला खायला.

बुआफान : थांबा. कळलं मला.

भंते इन्था : काय?

बुआफान : खोकला.

भंते इन्था : कसला खोकला?

बुआफान : शेवटच्या ओळीआधी थांबलात, खोकलात, मग पुढे गेलात. मघाशीही तिथेच. आणि पहाटे माझ्या दारातही तिथेच! मी म्हणत होते, या माणसाला खोकला लागलाय, थंडी लागली असेल, एक चीवर पुरत नसेल. अहो, हा आजाराचा खोकला नव्हेच! एकाच ओळीला येतो!

थोंगखाम : हो की! मीही ऐकतो रोज. मला वाटायचं, पाठातच आहे तो.

बुआफान : खनूनलाही तसंच वाटतं. खोकल्याशिवाय आशीर्वाद पुरा झालेला नाही त्याच्या लेखी. थोंगखाम, घाल दाणे. थोडेच. खनून, बघ इकडे. नुसतीच खोकते आधी.

थोंगखाम : नाही. नुसत्या खोकल्याला फसत नाही तो. तिरका बघतोय तुझ्याकडे.

बुआफान : साहेबांना अर्धवट काम चालत नाही. बरं. सगळं म्हणते, खोकल्यासकट.

थोंगखाम : म्हण. हां... हां... आता खोक!

भंते इन्था : खाल्लं.

थोंगखाम : खाल्लं! ताई, खाल्लं! नूडलवालीला आधी मी सांगणार!

बुआफान : बाई गं. माझ्या हातानं खाल्लं. खा रे, खा माझ्या राजा. सावकाश, घशात अडकेल. आता तुम्ही सांगा.

भंते इन्था : काय सांगू?

बुआफान : त्या ओळीला खोकता का? पाठ विसरता? घरी तिथे नव्हतात विसरत. घरी सगळीकडे चुकायचात, ती एक ओळ सोडून.

भंते इन्था : घंटा होईल आता.

बुआफान : होऊ दे घंटा!

थोंगखाम : ताई, ती आयुष्याची ओळ आहे ना? ‘तुला आयुष्य लाभो’ ती.

बुआफान : माहीत आहे मला कुठली ती. मी यांना विचारतेय.

भंते इन्था : तुम्ही पलंगावर होतात तेव्हा ती ओळ म्हणायला लागलो की घसा भरून यायचा. तुम्हाला कळू नये म्हणून तोंड फिरवून हळूच खोकायचो. सवय लागली.

बुआफान : आणि इथे? इथे कोण होतं पलंगावर?

भंते इन्था : कुणी नाही. सवयच.

बुआफान : खोटं बोलू नका, नियमात बसत नाही तुमच्या.

भंते इन्था : वर्षावास संपला त्या दिवशी मी चीवर सोडायला निघालो होतो. थोंगखाम गाडी घेऊन आला होता. गाठीला हात घातला आणि वाटलं, सोडलं आणि तुमचा आजार परत आला तर?

बुआफान : काय?

भंते इन्था : नवस एका वर्षावासाचा होता, ते खरं. पण हिशोब वर कोण कसा लावतं, आपल्याला काय ठाऊक.

बुआफान : म्हणजे माझा आजार तुमच्या चीवराच्या गाठीला बांधलाय?

भंते इन्था : ठाऊक नाही. सोडून बघायची हिंमत होत नाही.

थोंगखाम : मला हे सांगितलं नव्हतंत, भंते. मला म्हणालात, ‘इथे शांत वाटतं.’

बुआफान : शांत वाटतं! आणि मी इकडे शर्टाच्या घड्या घालते आणि मोडते! तेव्हाच मला सांगायला काय झालं होतं? म्हणे मधे कुणाला बसवल्याशिवाय बाईशी बोलायचं नाही. मग बसवायचं होतं थोंगखामला! रिकामाच असतो तो! मी काय काय समजत होते... जाऊ दे. मूर्ख माणूस! माफ करा, भंते. भिक्षूला असं बोलू नये. तो मागचा माणूस मूर्ख होता, त्याला बोलले.

भंते इन्था : त्याला पोचवतो निरोप.

थोंगखाम : झाली घंटा. भंते, पात्र घ्या. ताई, ऊठ.

भंते इन्था : एक सांगू का? डॉक्टरीण बाईंनी दाण्यांचं सांगितलं, तेच पाठाचं करा. रोज थोडा कमी करत न्या, त्याला पत्ता लागू न देता. आज एक ओळ गाळा, मग आणखी एक. काही दिवसांनी वाडगा ठेवला की तसाच जेवेल.

बुआफान : बघते. वरच्या ओळी गाळेन. शेवटची नाही गाळणार.

भंते इन्था : तीच तर त्रासाची आहे.

बुआफान : त्याच्या लिव्हरसाठी आयुष्य मागायला नको का कुणी? तुम्ही तुमचं बघा. दोडका आवडला नाही तर कुत्र्यांना घालू नका, सरळ खा. आणि पुढच्या उपोसथाला काय आणू ते विचारत नाही, तुम्ही सांगू शकत नाही. थोंगखामच्या कानात सांगा.

थोंगखाम : मी कुठे कुठे पुरणार? चल, खनूनला टोपलीत घाल. वाडगा रिकामा आहे बघ, चाटून पुसून. अगं, आणि ही आवळ्याची बरणी? आजाराचा खोकला नाही म्हणतेस, तर परत नेऊ का?

बुआफान : राहू दे त्यांच्यापाशी. खोकला तेवढा मी घरी नेतेय.